पाचवी नस शिकायची तर आधी स्वतःच्या चेहऱ्यावर

डेंटलच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी शिकवताना मी दरवर्षी एकच गोष्ट पाहते. ट्रायजेमिनल नर्व्हचा, म्हणजे चेहऱ्याच्या पाचव्या नसेचा, धडा आला की मुलं वहीत एक झाड काढतात. झाडाला तीन फांद्या, फांद्यांना पंचवीस-तीस नावं. मग ते झाड पाठ होतं आणि परीक्षेत हुबेहूब उतरतंही. पण दोन वर्षांनी तीच मुलं हातात सुई घेऊन पेशंटच्या खुर्चीपाशी उभी राहतात, तेव्हा समोरच्या चेहऱ्यावर त्या झाडाची एकही फांदी त्यांना सापडत नाही.

म्हणून मी हा धडा उलट्या बाजूने शिकवते. आधी आपला चेहरा, मग कवटी, मग मेंदू. नावं ज्या त्या जागी पोचल्यावर. हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे. विद्यार्थ्यांसाठी आहेच, पण ज्यांच्या घरात कुणाला चेहऱ्यातून विजेसारख्या कळा येतात त्यांनीही तो वाचावा. अवघड नाव आलं तर थांबू नका, बोट जागेवर ठेवा आणि पुढे चला.

बसताना जवळ घ्या: आरसा, कापसाची वात, दात कोरायची काडी, तीन रंगांची लोकर आणि खराट्याची एक हीर. शक्य असेल तर कॉलेजमधली कवटी.

आधी नावाबद्दल थोडं

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आहेत. त्यातली ही पाचवी, आणि सगळ्यांत जाड. ‘नस’ हा शब्द आपल्याकडे रक्तवाहिनीलाही वापरतात, म्हणून स्पष्ट सांगते: इथे नस म्हणजे मज्जातंतू, संवेदना आणि हुकूम वाहून नेणारी तार. लॅटिनमध्ये ‘ट्रायजेमिनस’ म्हणजे तिळं. एका वेळी जन्मलेली तीन भावंडं. डोळ्याकडे जाणारी ऑप्थॅल्मिक, वरच्या जबड्याकडे जाणारी मॅक्सिलरी आणि खालच्या जबड्याकडे जाणारी मॅंडिब्युलर. आम्ही बोलताना त्यांना व्ही-१, व्ही-२, व्ही-३ म्हणतो, कारण पाच हा आकडा रोमन लिपीत ‘व्ही’ असा लिहितात. मला स्वतःला बेलाचं पान आठवतं: देठ एक, दलं तीन.

पायरी १: तीन प्रदेश बोटाने आखा

आरशासमोर बसा. उजव्या हाताचं बोट डोक्याच्या मध्यावर, टाळूपाशी ठेवा आणि हळूहळू पुढे आणा. केस, कपाळ, वरची पापणी, नाकाचा कणा, नाकाचं टोक. हा सगळा व्ही-१. डोळ्याचं पारदर्शक बुबुळ, म्हणजे कॉर्निया, हेही त्याचंच. तिथे धुळीचा कण गेला तर किती टोचतं ते आठवा. शरीरात इतक्या दाट मज्जातंतूंची जागा शोधून सापडणार नाही.

आता बोट खालच्या पापणीवर. तिथून गालाचा पुढचा भाग, नाकपुडीची कड, वरचा ओठ. हा व्ही-२. गालाच्या हाडावरून वर कानशिलाच्या पुढच्या भागातही त्याची एक पट्टी चढते. तोंडात वरचे सगळे दात, वरच्या हिरड्या आणि टाळा, म्हणजे तोंडाचं छत. नाकाच्या आतल्या अस्तराचा बराच भाग आणि गालाच्या हाडातलं सायनसही त्याच्याकडेच. सर्दी साचली की वरच्या दाढा ठणकतात ते यामुळे: सायनस आणि दाढांच्या तारा एकाच वाटेने जातात.

तिसरा प्रदेश खालच्या ओठापासून सुरू होतो. हनुवटी, खालचा जबडा, मग कानाच्या पुढून वर कानशिलापर्यंत. आत खालचे दात, त्यांच्या हिरड्या, गालाचं आतलं अस्तर आणि जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश भाग. हा व्ही-३.

आता बोट जबड्याच्या कोनावर ठेवा, कानाच्या पाळीच्या खाली जिथे हाड वळतं तिथे. ही जागा ट्रायजेमिनलची नाही. तिथली त्वचा मानेतून येणाऱ्या ग्रेट ऑरिक्युलर नसेकडे आहे. ही छोटीशी बाब मी मुलांकडून तीन-तीनदा म्हणून घेते, कारण खरोखर ट्रायजेमिनल बिघडली असेल तर बधिरपणा तेवढा कोन सोडून थांबतो.

ही आखणी अशीच का? गर्भात चेहरा तयार होतो तो वेगवेगळे उंचवटे एकमेकांना येऊन जुळल्यामुळे. कपाळ-नाकाचा एक, वरच्या जबड्याचे दोन, खालच्या जबड्याचे दोन. जो उंचवटा जिची वाट पाहत होता, ती शाखा त्याला मिळाली. मोठेपणी जोड दिसत नाहीत, पण नसेला ते अजून ठाऊक आहेत.

पायरी २: एका रेघेतली तीन भोकं

सरळ समोर बघा. बाहुलीच्या मधून कपाळापासून हनुवटीपर्यंत एक उभी रेघ आहे असं समजा. आपल्या तिन्ही शाखा हाडातून चेहऱ्यावर बाहेर पडतात त्या जागा साधारण याच रेघेवर येतात.

पहिली भुवईखाली. डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेवरून अंगठा आतून बाहेर सरकवा. मध्यरेषेपासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर एक खाच लागेल. जरा दाबलं की कपाळात झिणझिणतं. ही सुप्राऑर्बिटल नस. काही जणांत खाचेऐवजी पूर्ण भोक असतं, मग बोटाला काही लागत नाही. घाबरू नका.

दुसरी डोळ्याच्या खालच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर खाली. तिथे दाबलं की दुखरी जाणीव वरच्या ओठाकडे आणि नाकाच्या बाजूला जाते. ही इन्फ्राऑर्बिटल. दुचाकीवरून पडून गालाचं हाड मोडलं की हिला धक्का बसतो, आणि पेशंट म्हणतो, “वरचा ओठ माझा वाटतच नाही.” हे वाक्य ऐकलं की एक्स-रे यायच्या आधीच मोडलेली जागा कळते.

तिसरी खालच्या जबड्यावर, दोन उपदाढांच्या आसपास, दुसऱ्या उपदाढेच्या मुळाखाली. मेंटल नस. इथलं ‘मेंटल’ लॅटिनमधल्या हनुवटीवरून आलं आहे, मनाशी त्याचा संबंध नाही. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, म्हणून सांगून ठेवलं. ज्यांचे खालचे दात पडून बरीच वर्षं झाली त्यांचं हाड झिजून हे भोक कवळीच्या कडेखाली येतं. अशा आजोबांनी “कवळी लावली की ओठात करंट मारतो” म्हटलं तर कवळी तिथे थोडी घासून द्यायची.

पायरी ३: दात आवळा

इथवर सगळी संवेदना झाली. पण तिळ्यांपैकी एकाला काम करणारे हातही मिळाले आहेत. दोन्ही तळवे गालांवर ठेवून दात घट्ट आवळा. तळव्याखाली टम्म फुगतो तो मॅसेटर. आता बोटं कानशिलांवर घेऊन पुन्हा आवळा, तिथे टेम्पोरॅलिस. भाकरी चावताना आजोबांचं कानशील हलताना पाहिलं असेल, तोच हा. या दोघांशिवाय आत खोलवर मिडियल आणि लॅटरल टेरिगॉइड. चावण्याचे हे चार, आणि यांच्यापर्यंत हुकूम पोचवते ती फक्त व्ही-३.

आणखी चार लहान स्नायू तिच्याकडे आहेत. तोंडाच्या तळाशी मायलोहायॉइड आणि डायगॅस्ट्रिकचा पुढचा भाग. टाळा ताणणारा टेन्सर व्हेली पॅलाटिनी, जो गिळताना कानाकडे जाणारी नळी उघडतो. घाटात कान बंद झाले की आवंढा गिळल्यावर ‘पट्’ होतं ते यानेच. आणि मधल्या कानातला इवलासा टेन्सर टिंपॅनी. तो पडदा ताणून धरतो आणि आपल्याच चावण्याचा कुरकुर आवाज कानात दाबला जातो. एकूण आठ. व्ही-१ आणि व्ही-२ यांच्याकडे स्नायू एकही नाही.

आता तोंड सरळ उघडा. हनुवटी मध्यरेषेत खाली गेली पाहिजे. लॅटरल टेरिगॉइड जबड्याला पुढे ढकलतो. एका बाजूचा दुबळा पडला तर दुसऱ्या बाजूचा एकटाच ढकलतो आणि जबडा दुबळ्या बाजूकडे वळतो. मुलं हे पाठ करतात आणि विसरतात. नावेला एकाच बाजूने वल्हं मारलं तर ती कुठे वळते ते आठवा, मग विसरणार नाही.

इथे एक गल्लत मोडून टाकते. चेहऱ्याचं तोंड वाकडं होणं, डोळा न मिटणं, पाणी पिताना ओठातून गळणं हे सातव्या, म्हणजे फेशियल नसेचं काम बिघडल्यावर होतं. हसू, रडू, डोळा मारणं तिच्याकडे. स्पर्श, वेदना, थंड-गरम आणि चावणं पाचवीकडे. वाकडा चेहरा घेऊन येणाऱ्या माणसाचा गाल बहुधा बधिर नसतो. “बधिर वाटतं” असं तो म्हणतो खरं, पण कापूस लावला की त्याला कळतं.

पायरी ४: हीर आणि लोकर घेऊन कवटीत

आता कवटीचा घुमट काढून तळ वरून बघा. मधल्या खळग्यात, दोन्ही बाजूंना, पुढून मागे जाणारी भोकांची रांग दिसेल. कवटी नाजूक असते, म्हणून तार घालू नका, खराट्याची हीर घाला. आमच्या शिक्षकांनी आम्हाला हेच सांगितलं होतं आणि मी आजही हेच सांगते.

सगळ्यांत पुढची लांबट फट म्हणजे सुपिरियर ऑर्बिटल फिशर. हीर घातली तर डोळ्याच्या खोबणीत निघते. ही व्ही-१ ची वाट. तिच्या मागचं गोल भोक फोरामेन रोटंडम, व्ही-२ साठी. हीर तिरकी पुढे जाते, कवटीखाली निघत नाही. त्याच्या मागे मोठं लंबगोल फोरामेन ओव्हेल, व्ही-३ साठी. इथे हीर सरळ खाली कवटीबाहेर येते. शेजारी टाचणीच्या डोक्याएवढं फोरामेन स्पायनोसम आहे, त्यातून मिडल मेनिंजियल धमनी वर येते. एकदा हिरीने तिन्ही वाटा चालून बघितल्या की कुठलीही आकृती लागत नाही. मग त्याच वाटांत तीन रंगांची लोकर घालून तिची टोकं मागे एकत्र बांधा.

ती गाठ जिथे येते ती जागा महत्त्वाची आहे. कानाच्या दगडासारख्या कठीण हाडाच्या टोकावर एक उथळ ठसा असतो, त्यावर मेंदूच्या आवरणाची एक खिशासारखी पोकळी. तिला मेकेलची गुहा म्हणतात. योहान फ्रीडरिश मेकेल यांनी १७४८ साली तिचं वर्णन केलं. त्या गुहेत चंद्रकोरीच्या आकाराची गाठ बसलेली असते, ट्रायजेमिनल गँग्लियन. जुने डॉक्टर तिला गॅसेरियन म्हणतात. व्हिएन्नाचे योहान लोरेंट्स गॅसर यांच्या एका विद्यार्थ्याने, अँटोन हिर्श यांनी, १७६५ मध्ये गुरूचं नाव तिला दिलं. मला ही गोष्ट फार आवडते.

गुहेतून पुढे जाताना व्ही-१ आणि व्ही-२ कॅव्हर्नस सायनस या रक्ताच्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीतून जातात. व्ही-३ तिथे जात नाही, थेट खाली उतरते. नाक आणि वरच्या ओठाभोवतीच्या भागातलं रक्त याच कप्प्याकडे जाऊ शकतं, म्हणून तिथली पुळी फोडू नये असं आजी सांगते ते बरोबरच आहे. कप्प्यात संसर्ग पोचला तर डोळा हलवणाऱ्या नसा आणि कपाळाची संवेदना दोन्ही एकदम जातात.

पायरी ५: प्रत्येक शाखेच्या मागे चाला

व्ही-१ डोळ्याच्या खोबणीत शिरताना तीन होते. अश्रुग्रंथीकडे लॅक्रिमल, कपाळाकडे फ्राँटल आणि आतल्या बाजूने नेझोसिलियरी. या शेवटच्या शाखेकडे लक्ष द्या. ती बुबुळालाही तारा देते आणि नाकात फिरून शेवटी नाकाच्या टोकाच्या त्वचेवर बाहेर पडते. कपाळावर नागीण उठली आणि तिचे फोड नाकाच्या टोकावरही दिसले, तर डोळा धोक्यात असल्याची ती खूण आहे. तिला हचिन्सन यांचं नाव आहे. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं गँग्लियनमध्ये दबा धरून असतो आणि एक दिवस एकाच शाखेच्या हद्दीत फुटतो. म्हणून फोड मध्यरेषा ओलांडत नाहीत. आपल्याकडे नागिणीवर गेरू लावतात, उतरवून घेतात. कपाळावरच्या नागिणीला ते अजिबात नको. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर सगळ्यांत चांगला गुण येतो, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी बघायला हवं.

व्ही-२ गोल भोकातून पुढे येऊन टेरिगोपॅलाटाइन नावाच्या छोट्या खोलीत येते. तिथून टाळ्याला ग्रेटर आणि लेसर पॅलाटाइन, नाकातून पुढच्या दातांमागे येणारी नेझोपॅलाटाइन, मागच्या दाढांना पोस्टिरियर सुपिरियर अल्व्हिओलर. मग मुख्य धागा डोळ्याच्या तळातल्या बोगद्यातून जातो, वाटेत मधल्या आणि पुढच्या दातांना फांद्या देतो आणि मघाशी दाबलेल्या भोकातून बाहेर येतो. वरच्या जबड्याचं बाहेरचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं. म्हणून तिथे मुळाशेजारी औषध टोचलं की आत झिरपतं, दात बधिर होतो.

खालच्या जबड्याचं तसं नाही. तिथलं हाड घट्ट. म्हणून औषध नसेपर्यंत न्यावं लागतं. व्ही-३ लंबगोल भोकातून उतरली की तिचे दोन भाग होतात. पुढचा बहुतेक स्नायूंचा, त्यात संवेदनेची एकच शाखा, गालाच्या अस्तराला जाणारी बकल. मागच्या भागातून तीन निघतात. ऑरिक्युलोटेम्पोरल कानाच्या पुढून कानशिलाकडे चढते, आणि चढण्याआधी मिडल मेनिंजियल धमनीला दोन बाजूंनी वेटोळं घालते. लिंग्वल जिभेकडे जाते. इन्फिरियर अल्व्हिओलर जबड्याच्या हाडात आतल्या बाजूच्या भोकातून शिरते, खालच्या सगळ्या दातांना तारा देत पुढे जाते आणि मेंटल होऊन हनुवटीवर निघते. खालची दाढ किडली की कान दुखतो, ते या मागच्या भावंडांमुळे. दाढेची आणि कानाची तार एकाच घरातली, मेंदूला नीट कळत नाही हाक कुणी मारली. कानात थेंब घालून आठवडा काढलेली माणसं माझ्याकडे नेहमी येतात.

जबड्याच्या त्या भोकापाशी औषध सोडणं म्हणजे इन्फिरियर अल्व्हिओलर ब्लॉक. विद्यार्थ्यांनी हा सरांच्या नाहीतर मॅडमच्या हाताखालीच शिकायचा, पण त्यामागचा विचार इथे सांगते. अंगठा तोंडात घालून जबड्याच्या उभ्या हाडाच्या पुढच्या कडेची सगळ्यांत खोल खाच शोधायची. तिच्या आतल्या बाजूला, तोंड मोठं उघडल्यावर, वरून खाली येणारी एक दोरी दिसते, टेरिगोमॅंडिब्युलर रॅफे. सिरिंज समोरच्या बाजूच्या उपदाढांवरून यायला हवी. सुई खाच आणि दोरी यांच्या मधे, खालच्या दाढांच्या पातळीच्या सहा ते दहा मिलिमीटर वर. मोठ्या माणसात साधारण २० ते २५ मिलिमीटर आत गेल्यावर हाड लागायला हवं. लवकर लागलं तर सुई फार पुढे आहे. लागलंच नाही तर ती मागे पॅरोटिड ग्रंथीत, म्हणजे कानापुढच्या लाळेच्या ग्रंथीत, चालली आहे. तिथे औषध सोडलं तर सातवी नस झोपते आणि पेशंटचा डोळा काही तास मिटत नाही. हाड लागल्यावर किंचित मागे यायचं, दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं, मग सावकाश सोडायचं. सुई मागे घेताना अर्ध्या वाटेवर थोडं सोडलं की जीभही बधिर होते, कारण लिंग्वल शेजारूनच जाते.

खालच्या ओठाचा अर्धा भाग जड झाला की नस सापडली. तरी दाढ काढताना बाहेरची हिरडी दुखते, कारण ती बकलकडे आहे. तिला वेगळं टोचावं लागतं. कधी कधी ओठ ठार बधिर असूनही दाढेच्या आत कळ येते. पेशंट खोटं बोलत नाही. मायलोहायॉइड स्नायूची नस हाडात शिरण्याआधीच वेगळी होते, आणि काही लोकांत तीच दाढेला एखादी तार देऊन जाते. “काही होत नाही, सहन करा” असं म्हणू नका, आतल्या बाजूला थोडं औषध द्या.

लहान मुलाला हे इंजेक्शन दिलं तर आईला आणि मुलाला दोघांना बजावून सांगायचं: दोन-चार तास ओठ चावायचा नाही, बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नका. गंमत म्हणून चावून चावून ओठ सोलून आलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या आया रडवेल्या झालेल्या असतात.

अजून एक समजून घ्या. या शाखांमध्ये परके प्रवासीही बसतात. जिभेच्या पुढच्या भागाची चव सातव्या नसेची, पण ती कॉर्डा टिंपॅनी नावाच्या धाग्यातून लिंग्वलमध्ये चढून जिभेपर्यंत येते. पॅरोटिड ग्रंथीला लाळ सोडायचा निरोप नवव्या नसेचा, तो शेवटच्या टप्प्यात ऑरिक्युलोटेम्पोरलच्या गाडीत बसतो. अक्कलदाढ काढताना लिंग्वल दुखावली तर जीभ बधिर होते, आणि त्या बाजूची चवही जाते ती यामुळे.

मिरचीचं मात्र वेगळं आहे. ठेच्याचा तिखटपणा ही चव नाहीच, ती ट्रायजेमिनलला कळणारी आग आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन नसेच्या टोकावरच्या नेमकं त्याच ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं जो उष्णतेने जागा होतो, म्हणून तोंड ‘भाजतं’. तो ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, ते त्यांना आर्डेम पाटापूटियन यांच्याबरोबर वाटून मिळालं. पुदिन्यातल्या मेंथॉलने थंड वाटतं तेही असंच, फक्त ग्राहक थंडीचा. मिरची चिरलेला हात डोळ्याला लागला तर जिभेची गरजच पडत नाही, कारण बुबुळही त्याच नसेचं.

पायरी ६: मेंदूत कुठे जाते

गुहेतून जाड संवेदनेचं मूळ आणि त्याला चिकटून बारीक स्नायूंचं मूळ, दोन्ही मेंदूच्या देठातल्या पॉन्स या फुगीर भागात शिरतात. आत कामाची वाटणी आहे. हलका स्पर्श पॉन्समधल्या मुख्य केंद्रात थांबतो. वेदना आणि थंड-गरम खाली वळतात आणि एका लांब केंद्रात उतरतात, जे मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या टोकापर्यंत जातं. मानेच्या नसाही तिथेच येतात, म्हणून मानेचं दुखणं कपाळात जाणवू शकतं. तिसरं केंद्र वर मध्यमेंदूत जातं आणि जबड्याच्या स्नायूंचा ताण मोजतं. त्याच्या पेशी गँग्लियनमध्ये असायला हव्या होत्या, पण त्या मेंदूच्या आतच राहिल्या आहेत. संपूर्ण शरीरात असं दुसरीकडे होत नाही. भातात खडा लागताच जबडा आपोआप थांबतो, त्यामागे दातांच्या मुळांभोवतीचे याच पेशींचे धागे असतात. चौथं केंद्र स्नायूंना हुकूम देणारं.

पायरी ७: तपासणी

पेशंटला डोळे मिटायला सांगा. कापसाची वात कपाळ, गाल, हनुवटी अशा तीन जागी, दोन्ही बाजूंना, आलटून पालटून टेकवा. ओढू नका, टेकवा. मग दात कोरायच्या काडीच्या टोकाने तेच, आणि काडी लगेच टाकून द्या. “दोन्हीकडे सारखंच टोचतंय का?” एवढंच विचारा.

कॉर्नियाची तपासणी डॉक्टरांनी करायची, घरी नाही. पेशंट वर-बाजूला बघत असताना कापसाचा एकच तंतू बुबुळाच्या कडेला टेकवतात. दोन्ही डोळे मिटायला हवेत. निरोप पाचवी नेते, मिटण्याचं काम सातवी करते. कुष्ठरोगात ही संवेदना कमी होऊ शकते, मग डोळ्यात कचरा गेला तरी माणसाला कळत नाही आणि बुबुळावर व्रण होतो.

शेवटी जबड्याचा झटका. तोंड किंचित उघडं, हनुवटीवर आपलं बोट, बोटावर रबरी हातोडीचा हलका ठोका. एरवी जबडा जेमतेम हलतो किंवा हलतच नाही. जोरात मिटला तर बिघाड पॉन्सच्या वर दोन्ही बाजूंना शोधायचा.

पायरी ८: दात दुखतोय की नस

मी इंटर्न असताना एका दवाखान्यात एक आजी आल्या होत्या. उजव्या गालावर पदर घट्ट धरलेला, पण गालाला लागू न देता. त्यांचे खालचे दोन दात आधी दुसरीकडे काढून झाले होते आणि तिसरा काढा म्हणून त्या आल्या होत्या. “कुठे दुखतं आजी?” विचारलं तर त्यांनी बोट वर नेलं आणि ते गालापासून बोटभर अंतरावर थांबलं. टेकवलं नाही. उजव्या बाजूने तोंड धुणं सोडून कित्येक दिवस झाले होते, त्या अर्ध्या गालावर मळाचा थर दिसत होता. मी एक्स-रे काढला, दात खणखणीत. तरी मी दात काढायचा फॉर्म लिहायला घेतला होता. आमच्या मॅडमनी मागून येऊन फक्त एवढंच म्हटलं, “दात दुखणारा माणूस गाल दाबून धरतो. ह्या हात लावू देत नाहीयेत.”

ती ट्रायजेमिनल न्यूराल्जिया होती. फ्रेंच शल्यचिकित्सक निकोला आंद्रे यांनी १७५६ मध्ये आणि लंडनचे जॉन फॉदरगिल यांनी १७७३ मध्ये तिचं वर्णन केलं. कळ विजेसारखी, क्षणभरापासून फार तर दोन मिनिटांची, एकाच बाजूला, बहुधा व्ही-२ किंवा व्ही-३ मध्ये. बोलणं, चावणं, दात घासणं, गार वारा एवढ्यानेही ती सुटते. मधल्या वेळात काही नाही. पन्नाशीनंतर आणि बायकांमध्ये जास्त. बऱ्याच जणांत नस पॉन्समध्ये शिरते तिथे एखादी रक्तवाहिनी, बहुधा सुपिरियर सेरेबेलर धमनी, तिच्यावर टेकलेली असते. नसेचं आवरण झिजतं आणि तारा एकमेकींना चिकटतात.

दुखणाऱ्या दाताची खूण वेगळी. थंड-गरम लागल्यावर कळ बराच वेळ रेंगाळते, दात ठोकला की दुखतो, रात्री आडवं झालं की वाढतं. दातात काही सापडत नसेल तर दात काढू देऊ नका. काढलेला दात परत येत नाही, आणि कळ तर थांबत नाहीच.

साध्या वेदनाशामक गोळ्यांचा या कळेवर उपयोग होत नाही. पहिलं औषध कार्बामाझेपिन, १९६० च्या दशकापासून. ते फिट्सचं औषध आहे म्हणून घरचे घाबरतात, “फिट येत नाही तर ही गोळी कशाला?” इथे ती नसेची उगाच सुटणारी वीज आवरते. डोस हळूहळू वाढवतात, मधून मधून रक्त तपासतात, मनाने एकदम बंद करायची नाही. अंगावर पुरळ, तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. आशियाई लोकांत एका विशिष्ट जनुकामुळे त्वचेची ही प्रतिक्रिया गंभीर होऊ शकते, त्याची रक्ततपासणी आधी करता येते. गोळीने भागलं नाही तर कानामागून शस्त्रक्रिया करून धमनी आणि नस यांच्या मधे टेफ्लॉनचा छोटा तुकडा ठेवतात. ही पद्धत रूढ केली पीटर जॅनेटा यांनी. मोठं ऑपरेशन झेपणार नसेल तर गालातून सुई थेट फोरामेन ओव्हेलमध्ये घालून गँग्लियनवर इलाज करतात. मघाशी हीर जिथून खाली आली, तिथूनच ही सुई वर जाते.

डॉक्टरकडे जाताना हे लिहून न्या: कळ किती सेकंदांची, दिवसातून किती वेळा, कशाने सुरू होते, कपाळ-गाल-हनुवटी यातल्या कुठल्या भागात, मधल्या वेळात गाल बधिर असतो का. चाळिशीच्या आत हा त्रास सुरू झाला, दोन्ही बाजूंना आला, किंवा कळेबरोबर बधिरपणा, कमी ऐकू येणं, चालताना तोल जाणं असेल तर एमआरआय लांबणीवर टाकू नका. कळ अजिबात नाही, मार लागलेला नाही, दात काढलेला नाही, तरीही खालच्या ओठाचा आणि हनुवटीचा अर्धा भाग आपोआप बधिर झाला असेल तर “जाईल आपोआप” म्हणून थांबू नका. कधीकधी कर्करोगाची पहिली खूण हीच असते, आणि तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.